सावंतवाडीचा गंजिफा : तळहातावर मावणारी दरबारी चित्रकला

१९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या सावंतवाडीत भोसले राजघराण्याच्या आश्रयाने बहरलेला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा संच, हा दरबारी लघुचित्रकलेचा अस्सल कोकणी आविष्कार आहे. दशावतारी संचात १२० पत्ते असून प्रत्येक अवताराच्या वाट्याला राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे अंकपत्ते असे १२ पत्ते येतात, व मत्स्याच्या अंकपत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवे, तर परशुरामाच्या पत्त्यांवर परशू रंगवलेले असतात. विसाव्या शतकात लोप पावू लागलेली ही कला शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावरली. संग्राहकाने खरेदीपूर्वी पत्ते मोजावेत, सारख्या आकृतींमध्ये कुंचल्याच्या रेषेचा सूक्ष्म फरक दिसतो का हे निरखावे, आणि शक्यतो सावंतवाडीच्या राजवाड्यातील कारागिरांकडूनच संच घ्यावा.