घर बांधताना कुठे थांबायचं? चार थांबे आणि थांबण्यापुरते पैसे

ज्यांना हा एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, आणि ज्यांनी ऐकून "ते आकडे परत सांग ना" असे मेसेज केले, त्या सगळ्यांसाठी ही लेखी आवृत्ती. बोलण्यातले "म्हणजे" आणि "तर" थोडे कमी केलेत. सगळे गेलेले नाहीत, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे स्वतःचं घर बांधणं. तयार फ्लॅट घेण्याबद्दल आज बोलणार नाही. रिकाम्या प्लॉटवर पाया खणण्यापासून वास्तुशांतीपर्यंतचा जो प्रवास असतो, त्याबद्दल बोलू. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या दीड वर्षात आम्ही ११०० चौरस फुटांचं घर बांधलं. मी बीटेक केलंय ते कॉम्प्युटरमध्ये, सिव्हिलशी माझा काही संबंध नव्हता. घराचे पैसे दोन ठिकाणांहून आले. एक म्हणजे बाबांच्या निवृत्तीनंतर मिळालेला पीएफ आणि दुसरं म्हणजे माझ्या नावावरचं २० वर्षांचं कर्ज. बाबांचा पीएफ परत कधी मिळणार नाही आणि माझा हप्ता २० वर्षं चुकणार नाही. त्यामुळे हे घर नीट होणं आमच्यासाठी हौसेचा प्रश्न नव्हता.

"घर पाहावं बांधून" हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यात नक्की अवघड काय असतं, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते अवघड गोष्ट एकच आहे. बांधकामातला प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याला झाकून टाकतो. पाया मातीत जातो, सळई काँक्रीटमध्ये जाते, पाईप गिलाव्यात जातात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की जुनं व्हर्जन परत चढवता येतं. काँक्रीटला अनडू नसतो. म्हणून एखादी गोष्ट झाकली जायच्या आधी एक दिवस थांबून ती बघायची. असे चार थांबे आहेत. आणि थांबायचं तर हातात पैसे लागतात, म्हणून शेवटी पैशांबद्दलही बोलणार आहे.

कागदपत्रांवर वेगळा एपिसोड करू. आज एवढंच सांगतो की बिनशेतीचा कागद, मंजूर नकाशा आणि भूमी अभिलेखची मोजणी, या तीन गोष्टी हातात असल्याशिवाय जेसीबी बोलावू नका.

पहिला थांबा: खड्डा

आमच्याकडे कृष्णाकाठची काळी माती आहे. शेतीला सोनं, पण घराला तापदायक. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर पाया ठेवला तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. म्हणून काळी माती ओलांडून खालच्या घट्ट मुरमापर्यंत जायचं असतं.

आमच्या नकाशात पायाची खोली ५ फूट होती. बाकी सगळ्या खड्ड्यांत ५ फुटांवर मुरूम लागला, पण एका कोपऱ्यात काळी भुसभुशीत मातीच निघत राहिली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे, तिथं आमचा उकिरडा होता पूर्वी." झालं! स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडम आल्या, खड्ड्यात उतरून बघितलं आणि तो कोपरा आणखी २ फूट खाली न्यायला सांगितला. खर्च वाढला, बाबांचा चेहरा उतरला. पण तळात पहिलं काँक्रीट पडलं असतं, तर तो उकिरडा आम्हाला कधीच दिसला नसता.

या थांब्यावर एवढंच करायचं: सगळे खड्डे खणून झाले की काँक्रीट टाकायच्या आधी इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलवायचं. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत माती किती घट्ट आहे ते कळत नाही.

दुसरा थांबा: जोतं

प्लिंथला आपल्याकडे जोतं म्हणतात. पाया वर आला की जोत्याच्या आत भर घालायची असते. इथे एक मोह असतो. पायातून निघालेली काळी माती बाजूलाच ढिगाने पडलेली असते, फुकट. मुरूम मात्र ब्रासने विकत आणावा लागतो. (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी आली की तिच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणाकार करा आणि १०० ने भागा. ड्रायव्हर हसेल, हसू द्या.)

काळी माती जोत्यात भरली की पुढे तीच फुगते आणि बसते, आणि वरची फरशी पोकळ वाजायला लागते. म्हणून भर मुरमाचीच घालायची, तीही एकदम न ओतता ६ ते ९ इंचांच्या थरांत. प्रत्येक थरावर पाणी मारायचं, ठोकायचं, मग पुढचा थर. या टप्प्यावर नगरपालिकेकडून जोते तपासणीही करून घ्यायची असते. नकाशाप्रमाणे अंतरं सोडलीत का, ते तेव्हाच बघितलं जातं. भिंती उभ्या राहिल्यावर ते कळून काय उपयोग?

तिसरा थांबा: सळई

हा सगळ्यात मोठा थांबा, आणि आमच्याकडे भांडण झालं तेही इथेच.

मे महिन्याचा शेवट. दुसऱ्या दिवशी स्लॅब, मिक्सर सांगितलेला, गँग ठरलेली. संध्याकाळी मॅडम तपासायला आल्या. त्यांनी तीन गोष्टी काढल्या. बऱ्याच ठिकाणी सळई थेट प्लेटवर टेकलेली होती, खाली कव्हर ब्लॉक नव्हते. छज्ज्याची वरची सळई लोकांच्या पायाखाली दबून खाली गेली होती. आणि काही रिंगांची टोकं काटकोनातच वळवलेली होती. मॅडम म्हणाल्या, उद्या स्लॅब नको.

ठेकेदार वैतागले. "भाऊ, ३० वर्षं स्लॅब टाकतोय, आजवर एक पडला नाही. वर पाऊस कधी येईल सांगता येत नाही." बाबांनाही थांबणं पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, माणसं दुखावली की काम बिघडतं.

या तीन गोष्टींचा अर्थ समजून घ्या, म्हणजे तुमच्या साइटवर तुम्हालाच दिसतील.

कव्हर म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर. काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून आतली सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि हे संरक्षण कमी करत जातो. तो सळईपर्यंत पोचला आणि ओल मिळाली की गंज धरतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो बाहेरचं काँक्रीट फोडतो. जुन्या इमारतीत छताचे पोपडे पडून लाल सळया दिसतात ना, तेच हे. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या हवामानात स्लॅबला निदान २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर कव्हर लागतं. असा स्लॅब पहिल्या वर्षी पडत नाही. म्हणजे ठेकेदारांचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त गंज दिसतो तेव्हा ते दुसऱ्याच साइटवर असतात.

छज्जा आणि बाल्कनी एकाच बाजूने धरलेल्या असतात. भार आला की त्यांचा वरचा भाग ताणला जातो, म्हणून मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. ती तुडवून खाली गेली तर दिसायला सळई सगळी आहे, पण कामाला एकही नाही.

रिंगांचं म्हणाल तर आमचा भाग कोयनेच्या जवळ. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्याकडच्या आज्या-आजोबांना अजून आठवतो. कॉलम जोरात हलला की काटकोनातल्या रिंगा उघडतात आणि आतल्या उभ्या सळया बाहेर फुगतात. म्हणून रिंगेची टोकं १३५ अंशांत वळवून कॉलमच्या पोटात घ्यायची.

आम्ही एक दिवस थांबलो. मिक्सरचं भाडं आणि गँगची मजुरी धरून आमचे ९,००० रुपये गेले. ठेकेदार माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी बाबाच त्यांच्याकडे चहाला गेले आणि एक कागद करून आले. खड्डा, जोतं, सळई आणि गिलावा, या चार ठिकाणी मॅडम बघणार आणि मगच पुढचं काम. एका दिवसाच्या आगाऊ निरोपावर थांबलो तर खाडा आमच्या अंगावर. ठेकेदारांनी सही केली. त्यांची खरी अडचण तपासणीची नव्हती, गँग रिकामी बसण्याची होती. हे बाबांना कळलं, मला कळलं नसतं. तुम्ही मात्र हा कागद काम सुरू व्हायच्या आधीच करा.

स्लॅबचा दिवस मात्र काय सांगू! सकाळी नारळ फुटला आणि गँग अशी सुटली की दुपारी तीनला काम संपलं. फक्त एका गोष्टीवर लक्ष ठेवा: पाणी. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. पोत्याला २५ लिटर पाणी म्हणजे प्रमाण ०.५. माल सरकायला सोपा जावा म्हणून कोणी आणखी ५ लिटर ओतलं की प्रमाण ०.६ होतं, आणि आयएस ४५६ ची साध्या हवामानासाठीची वरची मर्यादा ०.५५ आहे. वाळू ओली असेल तर त्या पाण्याचाही हिशोब आत धरायचा.

मग क्युरिंग. साधं ओपीसी सिमेंट असेल तर निदान ७ दिवस, पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर १० दिवस, आणि ऊन कडक असेल तर त्याहून जास्त. स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी साठवायचं, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळायचं. आमच्याकडे हे काम आईने घेतलं. रोज पहाटे आणि संध्याकाळी पाईप धरून वर. सेंटरिंगच्या प्लेट भाड्याच्या असतात, म्हणून त्या लवकर काढायची घाई होते. मानकात ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस, त्यापुढे १४ दिवस, आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस ठेवायला सांगितलंय. हे आकडे ओपीसीचे. मिश्र सिमेंट असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय टेकूला हात लावू देऊ नका.

चौथा थांबा: गिलाव्याआधी

इथे तुमचा फोन कामाला येतो. गिलावा करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून. वायरिंगचा पाईप कोपऱ्यापासून किती फुटांवर आहे, नळाची लाइन कुठून गेली, हे फोटोत दिसलं पाहिजे. खोलीनुसार फोल्डर करा. पाच वर्षांनी भिंतीला ड्रिल मारताना माझी आठवण काढाल.

नळाच्या लाइन दाबाने तपासून घ्या, गळती असेल तर तेव्हाच दिसते. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी २४ ते ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालून ओल येते का बघा. फरशीनंतर गळती शोधायची म्हणजे फरशी फोडणं आलं.

थांबण्यापुरते पैसे

आता खरी गोम. बँक कर्ज एकदम देत नाही. जोतं, स्लॅब, वीटकाम, फिनिशिंग असं जे काम पूर्ण झालं, ते बघून त्या टप्प्याचे पैसे सोडते. ठेकेदार मात्र टप्पा सुरू करतानाच पैसे मागतो, कारण त्याला माल आणायचा असतो, मजुरी द्यायची असते. ही मधली दरी तुमची. आमचं काम स्लॅबनंतर पाच आठवडे बंद होतं, कारण पुढचा हप्ता बँकेच्या तपासणीत अडकला होता. भिंतींविना उभं घर रोज बघताना आई-बाबांची जी घालमेल झाली, ती मला बघवत नव्हती.

त्यामुळे तीन गोष्टी करा. ठेकेदाराचे हप्ते बँकेच्या टप्प्यांना जुळवून ठरवा. एका पूर्ण टप्प्याचा खर्च हाताशी वेगळा ठेवा, त्यातून सोफा घ्यायचा नाही. आणि स्वतःचा वाटा किती लागेल ते आधीच बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के.

आणखी दोन छोट्या गोष्टी. काम चालू असताना साधारणपणे बँकेने सोडलेल्या रकमेवरच व्याज लागतं, त्याला प्री-ईएमआय म्हणतात. ते आणि सध्याचं घरभाडं एकाच वेळी जातं, म्हणून महिन्याच्या हिशोबात दोन्ही धरा. आणि कोटेशन जुनं असेल तर नवीन घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

ऐकणाऱ्यांपैकी एकीने विचारलं होतं, "मी पुण्यात नोकरीला, घर गावाला. मी रोज साइटवर कशी असणार?" रोज असायची गरज नाही. मीसुद्धा शनिवार-रविवारच जायचो. पण या चार दिवसांची सुट्टी आधीच टाकून ठेवा, आणि त्या दिवशी इंजिनिअर सोबत असेल असं बघा. त्यांची फी पूर्ण खर्चाच्या मानाने लहान असते. ती वाचवायला जाऊ नका.

तुमच्याकडे काम चालू असेल तर सध्या कुठल्या थांब्यावर आहात ते व्हॉइस नोट पाठवून सांगा. पुढच्या भागात सातबारा, मोजणी आणि बिनशेतीचा गुंता सोडवू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि स्लॅबवर पाणी मारायला विसरू नका!