धुराला भाव कसा येतो?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गळीत हंगाम सुरू झाला, की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांची धुराडी धूर ओकू लागतात. त्यांच्या बॉयलरमध्ये मुख्यतः बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा, जळतो. उसाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच त्यातून हवेत परत जातो. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला असतो. कोळशावर हजार युनिट वीज तयार करताना साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून बगॅसवरची हजार युनिट वीज बाहेर विकली, तर कुठेतरी तेवढा कोळसा वाचतो. १९९७ च्या क्योटो करारानुसार अशा वाचलेल्या एका टनाला एक ‘कार्बन क्रेडिट’ मिळू लागले. भारतातील अनेक बगॅस-वीज प्रकल्पांनी ती मिळवली.

पण ते विकत कोण घेणार? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन कारखान्यांनी प्रत्येकी १०० टन प्रदूषण कमी करायचे आहे. ‘अ’ला टनामागे ५०० रुपये खर्च येतो, ‘ब’ला २००० रुपये. दोघांनी आपापले काम केले, तर एकूण खर्च २,५०,००० रुपये. ‘अ’नेच २०० टन कमी केले, तर खर्च फक्त १,००,००० रुपये. हवेचा फायदा तेवढाच! ‘ब’ने ‘अ’ला ५०० ते २००० च्या दरम्यान भाव दिला, तर दोघेही फायद्यात राहतात.

मात्र हा भाव टिकतो तो मर्यादेच्या कडकपणावर. २००८ मध्ये क्योटो क्रेडिटचा भाव २० युरोंच्या आसपास गेला होता. २०१२ अखेर तो एक युरोच्याही खाली आला. मंदीमुळे युरोपातील उत्पादन घटले, क्रेडिटे मात्र वाढतच गेली. वाचलेला टन तोच होता, पण तो कोणाला नको होता. त्या पैशाच्या भरवशावर आखलेल्या प्रकल्पांचे गणित कोलमडले.

भारताने २०२३ मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली. तीत मर्यादा एकूण धुरावर नाही, तर प्रत्येक टन उत्पादनामागील धुरावर आहे. म्हणजे उत्पादन वाढले, तर एकूण धूर वाढूही शकतो.

विद्यार्थ्यांना विचारून पाहा : वरील उदाहरणात दोघांनाही काहीच कमी करायचे नसेल, तर क्रेडिटचा भाव किती? उत्तर आहे शून्य. धुराला भाव बाजार देतो. पण तो बाजार उभा राहतो सरकारने आखलेल्या रेषेवर.