चढत्या खेळाडूवर अर्धी थैली ओतावी काय?

कबड्डीच्या लिलावातून व्यापारी व कारागीर बांधवांनी घ्यायचा हिशेब

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्या वर्षी सर्वांत महाग खेळाडू ठरला राकेश कुमार. पाटणा संघाने त्याच्यासाठी १२ लाख ८० हजार रुपये मोजले, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. मातीतल्या खेळाला इतका पैसा! पुढे ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत या चढाईपटूवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली. नऊ वर्षांत भाव वीस पटींनी चढला. आमच्या भागात ना कापसाचा भाव असा चढला, ना मोसंबीचा.

व्यापाराच्या पानावर कबड्डी कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. ज्याचे नाव नुकतेच होऊ लागले आहे, त्याला सर्वांत मोठी रक्कम द्यावी की नाही, हा प्रश्न संघमालकाला पडतो तसाच दुकानदाराला, शिंप्याला आणि कारखानदारालाही पडतो. फरक एवढाच की संघमालकाचा हिशेब चारचौघांत होतो आणि त्याचा निकाल गुणतक्त्यावर लागतो. आपला हिशेब वहीत राहतो. म्हणून दुसऱ्याच्या उघड्या वहीतून शिकून घ्यावे.

प्रश्न आमच्या दारातही आला आहे. कुंभार पिंपळगाव हे घनसावंगी तालुक्यातील बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतील लोक बी-बियाणे, किराणा, कपडालत्ता येथूनच नेतात. गावातील पोरांचा कबड्डी संघ बक्षिसाच्या स्पर्धांना जातो. यंदा पोरांनी बाहेरगावचा एक चढता चढाईपटू आणायचे मनात घेतले आणि वर्गणीसाठी बाजारपेठेत फिरले. त्या खेळाडूची मागणी पाहिली, तर जमणाऱ्या वर्गणीतील निम्म्याहून अधिक रक्कम त्या एकट्याची. व्यापाऱ्यांत दोन तट पडले. एक म्हणतो, नाव होईल, द्या. दुसरा म्हणतो, आपल्या पोरांच्या पायात धड बूट नाहीत. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या आणि मग मोठ्या लिलावांचा हिशेब मांडून पाहिला. तोच येथे देत आहोत.

थैली ठरलेली असते

लीगमध्ये कोणत्याही मालकाला हवा तेवढा पैसा उधळता येत नाही. प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते. २०२२ मध्ये ती ४ कोटी ४० लाख होती, २०२३ मध्ये ५ कोटी झाली. एवढ्यातच किमान १८ खेळाडूंचा संघ उभा करायचा. म्हणजे टायटन्सने पवनवर ५२ टक्के थैली रिकामी केली. उरलेले पैसे १७ जणांत सारखे वाटले, तर एकेकाच्या वाट्याला सरासरी १४ लाख येतात. म्हणून महाग खेळाडूची खरी किंमत त्याच्या रकमेत दिसत नाही. त्याच्यामुळे जे इतर घेता आले नाहीत, त्यांच्यात ती दिसते. एकाच भारी साडीच्या मालात भांडवल अडकवले आणि लगीनसराईत धोतर, टॉवेल, शर्टपीस संपले, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. तसाच हा प्रकार आहे.

त्या हंगामात पवनने स्वतः गुण मिळवले, त्यात कसूर केली नाही. परंतु संघाने २२ पैकी केवळ २ सामने जिंकले आणि तो १२ संघांत शेवटचा आला.

सिद्धार्थ देसाईचा हिशेब

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण घेऊ. सिद्धार्थ देसाई हा कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा गडी. २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतले. लीगमधला त्याचा तो पहिलाच हंगाम. त्याने चढाईतून २१८ गुण आणले. एका गुणाला साधारण १६ हजार ७०० रुपये पडले. मुंबईने तो माल वेळेवर ओळखला होता.

दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये, तो पुन्हा लिलावात आला. आता त्याचे नाव घरोघरी झाले होते. तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली होती आणि थैलीचा एक तृतीयांश भाग तिच्यात गेला. सिद्धार्थने पुन्हा दोनशेच्या वर गुण मिळवले. म्हणजे माल तोच, वजन जवळजवळ तेच, भाव मात्र चौपट. टायटन्स ११ व्या क्रमांकावर राहिले. ज्या मुंबईने त्याला सोडले, ती उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली.

यात खेळाडूचा काडीचाही दोष नाही. त्याने घेतलेल्या पैशाचे काम केले. चूक झाली ती खरेदीदाराच्या समजुतीत. चढत्या माणसात नफा असतो तो त्याचे नाव होण्याआधी. नाव झाल्यावर बाजार त्याची पुरेपूर किंमत लावतो आणि घेणाऱ्याच्या हाती नफा म्हणून काही उरत नाही. त्यावर जर बोलीची चुरस लागली, तर तो गेल्या वर्षीच्या कामगिरीचे पैसे पुढच्या वर्षासाठी मोजून बसतो.

गुडघा एक, पैसा सारा

दुसरी गोष्ट जोखमीची. ऑगस्ट २०२२ च्या लिलावात तमिळ थलैवाजने याच पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख दिले. ४ कोटी ४० लाखांतील निम्म्याहून अधिक. ऑक्टोबरमध्ये हंगामातील संघाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि पूर्ण हंगाम तो बाहेर बसला. अर्धी थैली एका सांध्याबरोबर गेली.

पण पुढे काय झाले ते पाहा. त्याच संघात नरेंदर नावाचा एक नवोदित पोरगा होता. कोणी त्याच्यावर कोटीची बोली लावली नव्हती. संधी मिळाली आणि त्याने पहिल्याच हंगामात दोनशेहून अधिक गुण घेतले. थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले. उद्याचा तारा बाकावरच बसलेला होता. मोठा तारा खेळत राहिला असता, तर त्या पोराला इतकी मोकळी चढाई मिळाली असती काय, याचा विचार करावा.

आमच्या मराठवाड्यात ऊसतोडीच्या मुकादमाला हे शिकवावे लागत नाही. तो उचल देतो तेव्हा एकाच कोयत्यावर सगळी रक्कम लावत नाही. एक जोडी आजारी पडली किंवा आलीच नाही, तर टोळी थांबता कामा नये, हे त्याला पक्के ठाऊक असते.

पुण्याने काय केले

मग मोठी रक्कम कधीच देऊ नये काय? तसेही नाही. पुणेरी पलटणचा हिशेब उलट सांगतो.

नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि त्याच्याबरोबर मोहित गोयत, हे दोघे लीगच्या आठव्या हंगामात नवोदित म्हणून पुण्याच्या संघात आले. संघाने त्यांना खेळवले, चुका करू दिल्या, दुखापतीत सांभाळले. अशा पोरांचा एक जथ्थाच तयार झाला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये पुणे अंतिम फेरीत हरले. तरी त्यांनी पोरे मोडीत काढली नाहीत. संघ उभा राहिल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्यांनी इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख लावले. हीसुद्धा थैलीच्या निम्म्याच्या जवळपास रक्कम. पण बाकीच्या जागा घरच्या पोरांनी आधीच भरलेल्या होत्या. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुण्याने हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेतेपद घेतले. कर्णधार होता अस्लम. विजेत्या संघाला ३ कोटींचे बक्षीस मिळाले. त्याआधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही अस्लम होता.

पुढच्या वर्षी शादलू हरियाणाकडे २ कोटी ७ लाखांत गेला आणि हरियाणा विजेता ठरला. काही जण म्हणतील, पाहा, तारा जिकडे तिकडे यश. परंतु हरियाणा हा आदल्या वर्षी अंतिम फेरी खेळलेला, बांधलेला संघ होता. २०२५ मध्ये तोच शादलू गुजरातकडे २ कोटी २३ लाखांत गेला, तेव्हा गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. आणि अस्लमच्या पुण्याने त्याच हंगामात पुन्हा अंतिम फेरी गाठली. दिल्लीकडून ३१-२८ अशी हार झाली, ती गोष्ट वेगळी. भिंत उभी असेल तर भारी चौकट शोभते. भिंतीच नसतील तर चौकट कुठे बसवणार?

बाद झालेल्याला परत कोण आणणार?

कबड्डीचा एक नियम या साऱ्याचे मूळ सांगतो. चढाईपटू बाद झाला की तो बाहेर जाऊन बसतो. त्याच्या साथीदारांनी समोरचा गडी बाद केला, तरच तो पुन्हा आत येतो. ४० मिनिटांच्या सामन्यात दोन कोटींचा गडी किती वेळ मैदानात राहील, हे वीस लाखांच्या पकडपटूंवर ठरते. त्यांनी पकड केली नाही, तर दोन कोटी बाकावर बसून सामना पाहतात.

शिलाईच्या दुकानात हेच घडते. मास्टरची कटिंग कितीही सफाईची असो, काजे-बटण आणि इस्त्री करणारा कच्चा असेल, तर कपडा परत येतो आणि मास्टरचे नाव खराब होते. म्हणून मास्टरचा पगार ठरवताना त्याच्या मागे बसणाऱ्यांची मजुरी आधी पाहावी.

आपल्या पेढीवरचा हिशेब

आमच्या दुकानात एक तरुण आहे. पाच वर्षांपूर्वी थाने उचलायला व घड्या घालायला आला. आज लग्नाचा बस्ता बांधायला येणारी मंडळी त्याचे नाव घेऊन विचारतात. साडी उघडण्याची, आजीबाईंना न रागावता दहा वेळा रंग दाखवण्याची त्याची रीत निराळीच. गेल्या दिवाळीनंतर जालन्यातील एका मोठ्या दुकानाने त्याला दुप्पट पगार सांगितला. त्याच्या घरी दोन बहिणी लग्नाच्या आहेत. त्याने आम्हाला हे स्वतः येऊन सांगितले, लपवले नाही.

दुप्पट पगार द्यावा, तर बाकीच्या तिघांना काय तोंड दाखवावे? देऊ नये, तर बस्ते त्याच्यामागे जालन्याला जातील. आम्ही पगार दीडपट केला, आणि तो बांधेल त्या प्रत्येक बस्त्यावर ठरावीक वाटा लावला. त्या बस्त्यात हात लावणाऱ्या सोबत्यालाही थोडा वाटा ठेवला. त्याच्याकडून एकच शब्द घेतला, की दोघांना बस्ता दाखवायला शिकवायचे. तो या लगीनसराईपुरता थांबला आहे. पुढच्या वर्षी थांबेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही, आणि गेला तर त्याला अडवणारही नाही. बहिणींची लग्ने आमच्या सोयीने थांबणार नाहीत.

येथे मालकांनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. पोरगा स्वस्तात मिळाला म्हणून त्याला कायम स्वस्तातच ठेवू, ही वृत्ती आपल्या बाजारांत फार आहे. हुनर वाढतो, गल्ला वाढतो, मजुरी मात्र तीच. मग तो गेला की त्याला बेइमान म्हणायचे. लीगमध्ये जुन्या संघाला एक सवलत असते. दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली तेवढ्याच रकमेला उचलून आपला खेळाडू परत घेता येतो. आपल्या धंद्यात असे कार्ड नाही. म्हणून दुसऱ्याने बोली लावण्याआधीच मजुरी वाढवावी. न मागता दिलेले शंभर रुपये माणसाला धरून ठेवतात. तो निघाल्यावर दिलेल्या पाचशेने ते काम होत नाही.

खेळाडू असो की कारागीर, त्याची कमाईची वर्षे थोडी. सिद्धार्थला खांद्याच्या दुखापतीने, पवनला गुडघ्याने बसवले. अस्लमलाही २०२४ च्या हंगामात दुखापतीने अर्ध्यावर थांबावे लागले आणि पुणे बाद फेरीत पोहोचले नाही. डोळ्यांची नजर गेलेल्या जरीकाम करणाऱ्याचेही तसेच. तेव्हा जो मिळेल तो चांगला भाव घेतो, त्याला लोभी म्हणू नये. देणाऱ्याने आपली थैली पाहावी, घेणाऱ्याने आपली उमर.

तात्पर्य

आमचे मत असे. चढत्या माणसाला लवकर ओळखावे आणि लवकर वाढवावे. एका माणसावर थैलीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक लावण्याआधी बाकीच्या जागा भरल्या आहेत काय, हे तपासावे. ठरलेली रक्कम थोडी आणि कामावरचा वाटा मोठा ठेवावा. आणि त्याच्या हाताखाली दुसरा तयार होईल अशी अट घालावी. आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे. मडके घेताना बाई ते बोटाने वाजवून पाहते, रंगावर जात नाही. गडी घेतानाही तेच करावे.

गावच्या संघाबाबत आम्ही बाजारपेठेत हेच मांडले आहे. बाहेरच्या चढाईपटूला वर्गणीचा तिसरा हिस्सा आणि जिंकलेल्या बक्षिसात वाटा द्यावा. उरलेल्यात आपल्या पोरांचे बूट, गुडघ्याचे पट्टे आणि एक चांगला शिकवणारा आणावा. त्या खेळाडूला हे पटले तर त्याचे स्वागत. नाही पटले, तर आपल्याच पोरांतून कोणी चढाईला उभा राहील. बाकीच्या व्यापारी बांधवांनी आपला आकडा या हिशेबाने लिहावा, एवढीच विनंती.