चाकं वाटायची नाहीत

मंडळीतल्या घराघरांतून मागवलेले ठोकळे पिशव्यांतून येतात, ते एकटे येत नाहीत. सोबत खडूचे तुकडे, शर्टाची बटणं, वाळलेली शितं, बाहुलीचा एक बूट असा ऐवज निघतो. तो वेचला की ठोकळे जाळीच्या पिशवीत बांधून साबणाच्या कोमट पाण्यात बुचकळायचे. पाणी हाताला सोसेल इतकंच. जास्त तापलं तर प्लास्टिकचा आकार किंचित बदलतो आणि तेवढ्यानं पकड जाते. वाळवणसुद्धा गच्चीवर नाही, हॉलच्या पंख्याखाली. नाशिकचं एप्रिलचं ऊन पापडांना ठीक.

परीक्षा संपल्यावरच्या शनिवारी, दुपारी चार ते सहा, चर्चच्या हॉलमध्ये घरच्या सगळ्यांनी मिळून ठोकळे रचायचे, एवढाच कार्यक्रम. सुट्टीतली बायबल शाळा आपल्याकडे जुनीच, पण तिथे पालक मुलांना फाटकाशी सोडून जातात. इथे अट अशी की मोठ्यांनीही सतरंजीवर बसायचं. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथजवळच्या एका चर्चनं २००४ साली ‘मेसी चर्च’ सुरू केलं, त्यातही हीच अट होती. हातानं करत शिकणं नाशिकच्या ख्रिस्ती मंडळींना मात्र त्याच्या फार आधीपासून ठाऊक आहे. शरणपूरला १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीनं वस्ती वसवली. तिथे अनाथ मुलांना आणि गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना सुतारकाम, लोहारकाम शिकवत. तिथेच शिकलेला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. हे सगळं मी मुलांना सांगणार होते, पण तोवर ठोकळे सतरंजीवर ओतले गेले आणि कुणी ऐकलं नाही.

ओतण्याआधीचं निवडणं हेच खरं काम. नवखी माणसं रंगावर निवडतात. दिसायला छान, पण लाल ढिगात लाल बारका तुकडा शोधताना डोळे फुटतात. निवडायचं आकारावर. रंग डोळा आपसूक शोधतो. दुसरी निवड पकडीची. लेगोचा १९५८ मधला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो, बाजारातल्या स्वस्त ठोकळ्यांची मात्र ही हमी नाही. ते वेगळ्या टोपलीत ठेवायचे. मिसळले की भिंत मधेच सुटते आणि पोराला वाटतं आपलंच चुकलं. तीन वर्षांखालच्यांसाठी मोठ्या ठोकळ्यांचा कोपरा दूर, भिंतीकडे. बारके तुकडे तोंडात जायला वेळ लागत नाही.

विषय नोहाच्या तारवाचा ठेवला होता, तो हिशेबासाठी. उत्पत्तीच्या पुस्तकात तारवाचं माप दिलंय: लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. ठोकळ्यावरच्या दोन गाठींमधलं अंतर ८ मिलिमीटर आणि ठोकळ्याची उंची ९.६. म्हणजे ६० गाठी लांब, १० गाठी रुंद आणि पाच थर उंच असं तारू बांधलं तर प्रमाण बरोब्बर जुळतं. ४८० मिलिमीटर, ८० आणि ४८. दोन गाठी जाडीच्या भिंती धरल्या तर आठ गाठींचे ठोकळे एका थराला ३३, पाच थरांना १६५. हा हिशेब फळ्यावर आला तेव्हा पाळकसाहेबही पुढे सरकले.

तारू मात्र तिसऱ्या थराला फाटलं. एका मुलीचे वडील गवंडी आहेत. ते इतका वेळ मागे खुर्चीवर, मोबाइल हातात. ते उठले, उकिडवे बसले.

‘‘सांध्यावर सांधा आलाय, बाळा. खालच्या दोन विटांच्या मधोमध वरची बसव.’’

‘‘पण पप्पा, मग टोकाला अर्धी जागा उरते.’’

‘‘उरू दे. तिथं अर्धी वीट लागते. साइटवर पण तसंच करतो आम्ही.’’

अर्धी वीट म्हणजे चार गाठींचा चौकोनी ठोकळा. त्या दुपारी त्याला एकदम भाव आला.

बाकी वडीलमंडळींना आवरावं लागतं. ‘‘तू थांब, मी करतो’’ हे वाक्य हॉलभर ऐकू येतं आणि मूल हळूच बाजूला सरकतं. त्याला आमचा उपाय एकच: वडिलांकडे फक्त ठोकळे शोधून देण्याचं काम.

सगळ्यांना सगळं पुरेल इतकं द्यायचं नाही, या मताला मी आले आहे. साधे ठोकळे भरपूर हवेत. त्यात कंजुषी केली तर भांडणं. पण चाकं, खिडक्या, दारं एकाच डब्यात, मधल्या टेबलावर, आणि मोजकीच. चाकं वाटायची नाहीत. ज्याला हवीत त्यानं दुसऱ्या सतरंजीवर जाऊन मागायची. दर रविवारी उपासनेत एकमेकांच्या मागे-पुढे बसणारी, पण नावं ठाऊक नसलेली दोन कुटुंबं चार चाकांसाठी बोलायला लागतात. एका आजींनी चाकं दिली ती तारवाची एक बाजू बांधून देण्याच्या बोलीवर. तारवाला चाकं कशाला, हे कुणी विचारलं नाही.

खाण्याचं आधीच ठरवावं लागतं. नाशिकमध्ये चार माणसं जमली की चिवडा आलाच, पण इथे त्याला बंदी. तेलकट बोटं आणि पोह्याचा चुरा ठोकळ्यांच्या पोटात गेला की पुढच्या धुण्यापर्यंत निघत नाही. द्राक्षं ठेवली, हंगाम संपत आला होता तरी. अगदी लहानग्यांना उभी चिरून. चहा बाहेर, व्हरांड्यात.

मोडायला कुणीच तयार नसतं. एका तारवाला रविवारच्या उपासनेपर्यंत मुदत मिळाली, बाकीच्यांचे फोटो काढून ती मोडली. मोजणी तराजूवर. आठ गाठींचा ठोकळा सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरतो, तेव्हा प्रत्येक पिशवी आधी तोलून चिठ्ठीवर वजन लिहिलं होतं. संध्याकाळी पुन्हा तोलल्या. साधे ठोकळे थोडे कमी भरले. काही सतरंजीच्या घडीत सापडले, काही खिशांत. चाकांचा डबा मात्र जास्तच भरला. पुढच्या सतरंजीवर जाऊन मागायला लाजणाऱ्या कुणीतरी ती घरून आणली असणार.