इंग्रज गेले आणि जालनेकर ‘ब्रिटिश’ झाले

‘आमचे पणजोबा ब्रिटिश प्रजाजन होते,’ असं कुणी जालनेकर छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. पणजोबा होते मोगलाईतले, निजामाची रयत. इंग्रजी कायद्यात त्यांचं नाव ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’. छत्र साहेबाचं, प्रजा दुसऱ्याची. लंडनच्या लेखी परकेच!

१९०० साली जालन्यावरून मनमाडला आगगाडी धावू लागली. मनमाड म्हणजे खालसा, थेट इंग्रजांचा मुलूख. तिथे जन्मलेलं पोर ब्रिटिश प्रजा, जालन्यात जन्मलेलं निजामाचं. जालन्यातला निजामाचा हाली रुपया मोडून इंग्रजांचा कलदार घ्यायचा, तसा जन्म काही मोडून घेता येत नव्हता.

जन्मभूमीचा हा नियम आला १६०८ च्या एका खटल्यातून. तो होता रॉबर्ट कॅल्विन नावाच्या स्कॉटिश चिमुरड्याचा! राजा एकच, मग स्कॉटलंडात जन्मलेल्याला इंग्लंडात जमीन का नको? पोरगं जिंकलं. राजाच्या मुलखात जन्मला तो राजाचा, हे तत्त्व पुढे जवळपास पावणेचारशे वर्षं टिकलं. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरीतून थेट ब्रिटिश संसदेत पोचले, ते मुंबईकर ब्रिटिश प्रजाजन म्हणून. जालन्याच्या माणसाला ती वाट बंद होती.

शेजारच्या वऱ्हाडाची गंमत तर और. १९०२ मध्ये निजामाने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला. म्हणजे देऊळगाव राजात कारभार साहेबाचा, सातबारा मात्र निजामाचाच! वकिलांची चंगळ झाली असणार.

बायकांना तर ब्रिटिश राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने फार छळलं. परदेशी माणसाशी लग्न केलं की ब्रिटिश बाईचं राष्ट्रीयत्व जायचं. हे थांबलं १९४९ मध्ये.

आता खरी मेख. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले आणि संस्थानांवरचं त्यांचं छत्रही गेलं. जालना मात्र अडकलं निजामाच्या रझाकारी अंमलात. सुटका १७ सप्टेंबर १९४८ ला. त्याच वर्षी लंडनमध्ये नवा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा झाला, १ जानेवारी १९४९ पासून लागू. त्यात लिहिलं होतं: भारताचा नागरिक हा आपोआप ‘ब्रिटिश प्रजाजन’, हवं तर ‘राष्ट्रकुल नागरिक’ म्हणा, अर्थ एकच. पुढे भारतीय संविधान आलं, निजामाची रयत भारताची नागरिक झाली आणि इंग्रजांच्या राज्यात जे बिरुद कधी मिळालं नाही, ते प्रजासत्ताकात जालनेकरांच्या कपाळी चिकटलं. त्यांना पत्ताच नाही!

तेव्हा या बिरुदावर विलायतेत जाऊन राहताही यायचं. १९६२ मध्ये दार किलकिलं झालं, १९७१ च्या कायद्याने जवळजवळ लागलंच. १९८३ पासून भारतीयांचं ‘ब्रिटिश प्रजाजन’पण गेलं. बिचाऱ्या कॅल्विनचा नियमही त्याच दिवशी संपला: ब्रिटनमध्ये जन्मलात तरी आई किंवा वडील तिथले नागरिक किंवा कायमचे रहिवासी हवेत.

‘राष्ट्रकुल नागरिक’ हे शेपूट मात्र शिल्लक आहे. त्याच्या जोरावर लीड्समध्ये शिकणारं जालन्याचं पोर आजही ब्रिटिश संसदेसाठी मत देऊ शकतं. जालन्याच्या खासदारासाठी मत द्यायचं, तर त्याला विमानाचं तिकीट काढून गावी यावं लागेल.