नागपूरहून जिरं येईपर्यंत

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली आणि जुन्या कम्प्युटरचा प्रश्न घरोघरी निघाला. बटण दाबावं, चहा टाकावा, तो पिऊन यावं, तरी पडद्यावरचं वर्तुळ फिरतंच आहे. असं यंत्र भंगारात द्यावं, की त्यात अजून काही जीव आहे?

उत्तरासाठी पुण्याच्या गणेशखिंडीत जाऊ. अमेरिकेने हव्या त्या ताकदीचा क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर 1988 मध्ये तिथे सी-डॅक या संगणक संस्थेची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख. देशी महासंगणक बनवायला तीन वर्षांची मुदत होती. 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा राहिला. एकच दांडगा प्रोसेसर बनवण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिपांची फौज एकत्र राबवायची, ही त्यामागची युक्ती. अशा 256 चिपांचा परम कागदावर सेकंदाला 1 अब्ज गणितं करू शकत होता.

आता घरातल्या माळ्यावरचा 2008 च्या सुमाराचा कोअर टू ड्युओ काढा. 2.4 गिगाहर्ट्‌झचा असेल, तर त्याची कागदावरची क्षमता सेकंदाला सुमारे 19 अब्ज गणितं. ज्या यंत्राने देशाची मान उंचावली, त्याच्या एकोणीसपट! एवढा पहिलवान एक फोटो उघडायला अर्धं मिनिट घेतो, तर त्याचं दुखणं नक्कीच गणितात नाही.

मी ‘कागदावर’ हा शब्द मुद्दाम घोळवतोय. परमची तीच 1 अब्जाची यंत्रणा प्रत्यक्ष कामात सलग 10 ते 20 कोटी गणितांपर्यंतच पोचत असे. यात सी-डॅकच्या मंडळींना कमीपणा नाही. समांतर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक यंत्राची हीच कथा. प्रोसेसर एकमेकांच्या निरोपाची आणि माहितीची वाट पाहण्यात वेळ घालवतात. घरच्या संगणकात वाट पाहायची असते ती बहुधा एकाच गोष्टीची: हार्ड डिस्कची.

लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहाएक. एकूण 15 मिलिसेकंद धरू. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यात आपल्या कोअर टू ड्युओचे 3 कोटी 60 लाख ठोके पडून जातात.

माणसाच्या मापाने पाहायचं, तर पुण्यातल्या मंगल कार्यालयातला आचारी डोळ्यांसमोर आणा. ओट्यावरचं जिरं उचलायला त्याला एक सेकंद लागतो. हा ओटा म्हणजे रॅम. खरी रॅम साधारण 100 नॅनोसेकंदांत माहिती देते, म्हणजे आपण काळ 1 कोटी पट ताणला. त्याच मापाने हार्ड डिस्कचे 15 मिलिसेकंद होतात जवळजवळ 42 तास! जिरं संपलं म्हणून पोऱ्याला रेल्वेने नागपूरला धाडलं, तिथल्या इतवारी बाजारातून पुडी घेऊन तो परत येईपर्यंत आचारी हात बांधून उभा. मग लक्षात येतं, मोहरीही नाही. विंडोज सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. आणखी तगडा आचारी आणून पंगत लवकर उठेल का?

गंमत म्हणजे हे दुखणं फार जुनं आहे. आयबीएमने 1956 मध्ये पहिली व्यापारी हार्ड डिस्क विकायला काढली. तिच्यात 50 तबकड्या होत्या, त्या मिनिटाला 1200 फेरे घेत आणि एखादी नोंद गाठायला सुमारे 600 मिलिसेकंद लागत. त्यानंतरच्या अर्धशतकात प्रोसेसर लाखो पटींनी वेगवान झाले, साठवणही प्रचंड वाढली, पण जागा गाठण्याचा वेळ कमी झाला तो फक्त चाळीसएक पट. तबकडी आणि हलणारं टोक ही शेवटी यांत्रिक हालचाल. तिला किती पळवणार?

खात्री करायची असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. संगणक अडकलेला असताना सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर आणि डिस्क 100 टक्क्यांवर दिसली, की निदान झालं. डिस्क शांत आणि सीपीयूच भरलेला असेल, तर मात्र पंख्यातली धूळ किंवा मागे चालणारा एखादा उपद्व्यापी प्रोग्रॅम शोधा. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो.

आपल्याकडचे घरगुती इलाज मात्र वेगळेच. रिकाम्या पडद्यावर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश मारणं हे तर राष्ट्रीय व्रत आहे. त्याने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बाकी काही नाही. दुरुस्तीवाला ‘प्रीफेच’ नावाचा फोल्डर रिकामा करून देतो. त्यात कुठला प्रोग्रॅम सुरू होताना काय काय लागतं याची टिपणं असतात. ती पुसली की पुढची सुरुवात उलट लांबते. ‘बूस्टर’ म्हणून मिळणारी सॉफ्टवेअरं रॅम मोकळी केल्याचा मोठा आकडा दाखवतात, म्हणजे ओट्यावर मांडून ठेवलेलं सामान उचलून परत नागपूरला पाठवतात.

रॅमचं मात्र खरंच पाहायला हवं. ती अपुरी पडली की संगणक एक वस्तू डिस्कवर ढकलून दुसरी आत घेतो, लगेच पहिलीच लागते, आणि सगळा वेळ या ने-आणीतच जातो. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी 1968 मध्येच या अवस्थेचं विश्लेषण केलं होतं. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडल्या की 4 जीबीच्या यंत्रावर आपण तो प्रयोग रोज करतो. 8 जीबी केली, तर बहुतेक घरांचं भागतं.

पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने. तिच्यात फिरणारं काहीच नाही. माहिती हाती यायला साधारण 0.1 मिलिसेकंद, म्हणजे आपल्या मापाने 17 मिनिटं. पोऱ्या आता कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातो.

हे ज्यांच्यामुळे शक्य झालं, त्या फुजिओ मासुओकांचं नाव किती जणांनी ऐकलंय? तोशिबात काम करताना त्यांनी 1984 मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि 1987 मध्ये तिचा, एसएसडीत वापरला जाणारा, नँड हा प्रकार. चहूबाजूंनी कोंडलेल्या जागेत इलेक्ट्रॉन अडकवायचे, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकते, हे तंत्र आधीचंच. मासुओकांनी एक सोय सोडून दिली: एकेक घर वेगळं पुसण्याची. घरांचा अख्खा गट एकदम पुसायचा ठरवला की चिप आटोपशीर आणि स्वस्त होते. काय सोडावं हे कळणं ही संशोधकाची मोठी अक्कल, असं मला नेहमी वाटतं.

त्यांनी 1994 मध्ये तोशिबा सोडली आणि ते तोहोकू विद्यापीठात गेले. पुढे मोबदल्यासाठी त्यांना कंपनीवर दावा लावावा लागला. 2006 मध्ये 8 कोटी 70 लाख येनांवर तडजोड झाली. 2018 मध्ये तोशिबाने आपला मेमरीचा धंदा विकला, तो सुमारे 2 लाख कोटी येनांना. प्रोसेसर बनवणाऱ्यांचे स्टिकर आपल्या लॅपटॉपवर मिरवतात. मासुओकांच्या वाट्याला तेवढंही नाही.

तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी माहितीची प्रत काढून घ्या आणि एसएसडी बसवून पाहा. काही हजारांचं काम आहे. ती सगळं करेल असं नाही. जुना प्रोसेसर नव्या धाटणीचे व्हिडिओ दाखवताना धापा टाकेलच, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा सोय नसलेल्या यंत्रावर विंडोज 11 रीतसर बसत नाही. तिथे लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकता येते. पत्रव्यवहार, हिशेब, नातवंडांशी व्हिडिओवर गप्पा एवढंच काम असेल, तर ते यंत्र आणखी काही वर्षं चालेल.

आणि नवा घ्यायचाच ठरला, तर दुकानदार आधी विचारेल, आय फाइव्ह की आय सेव्हन. त्याचं उत्तर नंतर द्या. आधी त्यालाच विचारा, एसएसडी केवढी, रॅम किती आणि पुढे ती वाढवता येते का. आय सेव्हनवर वाचलेले पैसे तिथे घाला.