दुर्ग म्हणजे जिथं जाणं कठीण

मुंबईहून पुण्याकडे निघालात की चौक गावाच्या आसपास डाव्या हाताला एक सुळका दिसतो. कुणाला तो उभ्या अंगठ्यासारखा वाटतो, कुणाला पाठमोऱ्या माणसासारखा. हा इर्शाळगड. माथेरान आणि प्रबळगडाच्या शेजारचा, खालापूर तालुक्यातला. गाडीतली माणसं त्याच्याकडे क्षणभर पाहतात आणि पुढच्या घाटाची चिंता करू लागतात. काहींना मात्र तो बोलावतो. आज त्या बोलावण्याविषयी आणि ते ऐकणाऱ्यानं काय जाणून असावं याविषयी बोलायचं आहे.

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून सुरुवात शब्दापासून करतो. ‘किल्ला’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला, ‘बुरूज’ही तिथलाच. ‘ट्रेक’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांचा, बैलगाडीनं केलेल्या लांबच्या प्रवासाचा. ‘दुर्ग’ हा मात्र संस्कृत शब्द, आणि त्याचा अर्थ अगदी सरळ आहे : जिथं जाणं कठीण ते. तटबंदी नंतरची. आधी डोंगरच दुर्ग होता.

तो तसा का झाला? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. काही थर घट्ट, काळेकभिन्न. काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले, ठिसूळ. पुढं ऊन-पावसानं ठिसूळ थर लवकर झिजले आणि घट्ट थर कड्यासारखे उभे राहिले. म्हणून सह्याद्रीचा डोंगर जिन्यासारखा दिसतो. एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. या सपाटीलाच आपण पदर किंवा माची म्हणतो. वाड्या वसतात त्या बहुधा पदरावर. इर्शाळगडाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, म्हणजे सुईचं नाक. कातळातला कच्चा भाग झिजून गेला आणि पक्का उरला, की असं नेढं तयार होतं.

माणसानंही कातळाचा हा स्वभाव ओळखला. कर्जत तालुक्यातल्या कोथळीगडावर, म्हणजेच पेठच्या किल्ल्यावर, सुळक्याच्या पोटातून जिना कोरून काढला आहे. खाली कोरीव खांबांची गुहा, आणि तिच्याजवळून पायऱ्या चढत माणूस थेट माथ्यावर निघतो. सांडशी गावावरच्या ढाकच्या बहिरीला असा जिना नाही. तिथं कड्यावर पावलापुरत्या खोबण्या आहेत आणि खाली दरी. बहिरीच्या गुहेत पोचायला हात आणि पाय दोन्ही लागतात. इर्शाळगडाचा अगदी माथा तर दोराशिवाय आणि जाणकाराशिवाय गाठायचाच नाही. बहुतेक जण नेढ्यापर्यंत जातात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता कातळावर चढायचं म्हणजे काय करायचं? पहिला नियम असा : दोन हात आणि दोन पाय या चार टेकूंपैकी तीन नेहमी खडकावर, एकाच वेळी हलवायचा तो फक्त चौथा. दुसरा, भार पायांवर घ्यायचा. घाबरलेला माणूस कड्याला पोटाशी कवटाळतो. त्यानं पावलाचा भार बाहेर सरकतो आणि पाय निसटतो. अंग किंचित बाहेर ठेवलं, तर पाऊल खडकाला दाबून बसतं. तिसरा, धरायचा दगड आधी ठोकून पाहायचा. पोकळ आवाज आला तर त्याला हात लावायचा नाही. गवताच्या झुपक्याला आणि कारवीच्या वाळल्या काडीला तर मुळीच नाही. चौथा, आपल्या पायानं दगड सुटला तर लाजायचं नाही, ‘दगड!’ म्हणून मोठ्यानं ओरडायचं. खाली माणसं असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं उतरण्याचं. चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पावलाखाली असते आणि पाऊल डोळ्यांपासून पाच फूट लांब. त्यात गुडघे थकलेले, पाणी संपत आलेलं, मन घरी पोचलेलं. म्हणून अवघड टप्प्यावर तोंड कड्याकडे करूनच उतरावं. घसाऱ्यावर मात्र, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, बसक्या चालीनं, छोटी पावलं टाकत उतरावं. परत फिरायची वेळ खाली असतानाच ठरवावी. माथा गाठला असो वा नसो, ती झाली की फिरायचं. वर गेल्यावर माथा जवळ दिसतो आणि घड्याळ दिसेनासं होतं.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं. तेव्हा या वाटा सोडून द्याव्यात. कर्जत-खालापुरात धबधब्यांसाठी इतकी गर्दी उसळते की प्रशासनाला मनाईचे हुकूम काढावे लागतात. कड्यांना आग्यामोहोळं असतात. तिथं धूर करू नये, आरडाओरडा करू नये, अत्तर लावून जाऊ नये. हे शेवटचं मी माझ्यासारख्या अत्तरशौकिनांना मुद्दाम सांगतो.

पण नियम माहीत असले तरी वाट माहीत असतेच असं नाही. ती माहीत असते तिथं राहणाऱ्याला. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान मोठी फौज घेऊन घाटावरून कोकणात उतरू लागला. उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत, याच खालापुरात, शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्याला कोंडलं. फौज शूर नव्हती असं नाही, पण वाट तिची नव्हती आणि पाण्याची जागाही तिला ठाऊक नव्हती. शरण जाण्यावाचून खानाला मार्ग उरला नाही. पुढं १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट चौकला मुक्काम टाकून माथेरान चढले आणि पुस्तकांत माथेरानचा ‘शोध’ त्यांच्या नावावर लागला. तेही गावच्या माणसाला सोबत घेऊनच वर गेले होते. ज्याला वाट ठाऊक होती, त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

इर्शाळगडाच्या पदरावर ठाकरांची अशीच एक वाडी होती, इर्शाळवाडी. खाली मोरबे धरणाचं पाणी, वर सुळका आणि मध्ये ही घरं. रस्ता नव्हता, डोंगर चढूनच वाडीत यावं लागे. गडावर जाणारे तिथं थांबत, तांब्याभर पाणी पीत, भाकरी सांगून वर जात. वाडीतली पोरं ज्या कातळावर अनवाणी खेळत, तिथं शहरातल्या महागड्या बुटांचे पाय थरथरत.

१९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा उतार सुटला आणि झोपेतल्या वाडीवर आला. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं पुढं विधिमंडळात सांगण्यात आलं, आणि दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती हेही. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. यंत्रं वर नेता आली नाहीत, खराब हवामानात हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. जवान, गिर्यारोहक आणि गावकरी पायी चढून गेले आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसत राहिले. ज्या दुर्गमतेसाठी आपण सुटीच्या दिवशी तिथं जात होतो, तीच त्या रात्री वाडीवर उलटली.

दरड का कोसळते? उतारावर कातळाच्या वर मातीचा आणि सुट्या दगडांचा थर असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, थर जड होतो आणि खालच्या कातळावरची त्याची पकड सुटते. बरेचदा डोंगर आधी इशारा देतो. उताराला चंद्रकोरीसारखी भेग पडते, सरळ झाडं कलतात, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं किंवा नवाच झरा फुटतो, घराच्या जोत्याला तडा जातो. माळीण २०१४ मध्ये गेलं, तळिये २०२१ मध्ये. डोंगर चढणारा माणूस वर्षभर अशा उतारांवरून चालत असतो. त्याची नजर फक्त माथ्यावर का असावी? अशी भेग दिसली तर तिचा फोटो काढावा, वाडीत सांगावं, तहसील कचेरीत कळवावं. सुळका सर करण्याइतकंच हेही डोंगराचं ज्ञान आहे.

वाचलेल्या कुटुंबांना आधी चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं, मग सिडकोनं बांधलेली पक्की घरं मिळाली. तिथून सुळका दिसतो. आपण त्याला गड म्हणतो, त्यांचं ते गाव होतं. पुढं कुठल्याही डोंगरावर जाल तेव्हा पायथ्याच्या वाडीत क्षणभर थांबा, वाट विचारा आणि यंदा पाऊस कसा झाला तेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा जास्त लक्ष देऊन ऐका.